ईस्टर घरच्या घरी: लहान मुलांसोबत काय काय करता?

चिमणचारा
नमस्कार मंडळी,
यंदा, २०२६ मध्ये, ईस्टर ५ एप्रिलला आहे. लग्नाआधी हा सण आईच्या हातचा, लग्नानंतर सासूबाईंच्या. आम्ही आयते जाऊन बसायचो. यंदा पहिल्यांदाच आम्ही चौघंच आहोत: मी, नवरा, साडेचार वर्षांची लेक आणि दीड वर्षाचं शेंडेफळ. रविवारी सकाळी चर्चला जाऊच, पण शेंडेफळाच्या झोपेच्या वेळा बघता आठवडाभराच्या सगळ्या उपासना काही जमणार नाहीत. म्हणून घरी काहीतरी करावं असं दोघांच्याही मनात आहे.

नाताळ सोपा असतो हो. बाळ जन्मलं, तारा दिसला, मेंढपाळ धावत आले. ईस्टरला मात्र आधी येशूच्या मरणाचा शुक्रवार ओलांडावा लागतो. लेकीला खिळे, काट्यांचा मुकुट यातलं किती सांगायचं? काहीच नाही सांगितलं तर रविवारी आपण आनंद कशाचा करतोय हे तिला कळायचं कसं?

अंडी रंगवायला ती एका पायावर तयार आहे. अंडी आणणारा ईस्टरचा ससा नवऱ्याला नको आहे. मला सशाबद्दल ना प्रेम ना राग. तुमच्याकडे काय करता ते सांगा. जमेल असंच सांगा, माझ्याकडे दुपारी दीड तास मिळतो, तोही शेंडेफळाच्या कृपेने.

मधलीसुट्टी
अंडी लपवणार असाल तर कुठे कुठे लपवली ते कागदावर लिहून ठेवा. खरी उकडलेली अंडी लपवण्यापेक्षा पुठ्ठ्याची कापून लपवलेली बरी. उकडलेलं अंडं फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर खाऊ नये, आणि शोधाशोध दोन तासांत संपते असा माझा तरी अनुभव नाही.

दीड वर्षाच्या मुलाच्या हाती छोटी गोल चॉकलेटची अंडी अजिबात देऊ नका. घशात बरोब्बर अडकतील अशाच मापाची असतात. थोरलीच्या टोपलीवर नजर ठेवा, धाकटे तिथूनच उचलतात.

टिवल्याबावल्या
+१. कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही चॉकलेट लांब ठेवा, त्यांना ते विषारी असतं. मांजर असेल तर घरात लिली आणू नका. ईस्टरला सजावटीत वापरतात ती पांढरी लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करते. पाकळी चावली, अंगावरचे परागकण चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, एवढंही पुरतं. सणाच्या धाग्यावर हे लिहिल्याबद्दल माफी, पण हे कुणीच सांगत नाही.

खडूफळा
चिमणचारा, मी बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवते. माझं मत आधीच सांगून टाकते: शुक्रवार गाळू नका. शुक्रवार गाळला की रविवारी नुसती चॉकलेटं उरतात. मुलांना वाईट गोष्टींची भीती वाटत नाही असं नाही, पण आईबाप सोबत असले आणि गोष्ट पुढे जाणार आहे हे ठाऊक असलं की ती बरंच पेलतात.

आठवडा घरात असा आणता येतो. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) झाडाची एखादी फांदी हातात देऊन घरभर 'होसान्ना' म्हणत मिरवणूक काढा. दोनच मुलं असली तरी चालतं, गाढव कुणी व्हायचं यावर भांडण होतं तेवढंच. गुरुवारी रात्री जेवणाआधी एकमेकांचे पाय धुवा. येशूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात आहे. आईबाबा खाली बसून आपले पाय धुतायत याचं मुलांना फार अप्रूप वाटतं. यात उपदेश करू नका. पाणी कोमट ठेवा.

शुक्रवारी तीन-चार वाक्यांत सांगा. 'काही लोकांना येशूचा राग आला होता. त्यांनी त्याला वधस्तंभावर मारलं. येशू मेला. त्याच्या आईला आणि मित्रांना खूप रडू आलं. मग त्याला एका गुहेत ठेवलं आणि दाराशी मोठी धोंड लावली.' बस्स. खिळे, रक्त, फटके हे तपशील या वयात नकोत, तिने विचारलं तर खोटंही बोलू नका. तीन वाजता घरातले दिवे बंद करून थोडा वेळ शांत बसा. साडेचार वर्षांचं मूल दोन मिनिटं बसलं तरी खूप झालं.

आणि शनिवार मोकळा सोडा. हे मी मुद्दाम सांगते, कारण तरुण आईबाप शनिवारी सगळी तयारी, सगळी धांदल आणि निम्मा सण उरकून टाकतात. शनिवारी कबर बंद असते. कॅथलिक देवळांतही दिवसा मिस्सा (मुख्य उपासना) नसते, वेदी उघडी-बोडकी असते, रात्रीच्या जागरणविधीत नवा अग्नी पेटवून मोठी पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती लावतात तेव्हा कुठे सण सुरू होतो. मुलीने विचारलं 'आज काय करायचं?' तर सांगायचं, 'आज वाट बघायची.'

रविवारी करायला एक सोपी गोष्ट. उघडणारी प्लॅस्टिकची अंडी घ्या. एकात नाणं (पैशासाठी येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं), एकात काटा, एकात पांढऱ्या कापडाचा तुकडा, एकात खडा. शेवटचं अंडं रिकामं. मूल ते उघडतं आणि ओरडतं, 'यात काहीच नाही!' तुम्ही म्हणायचं, 'हो ना, येशूच्या कबरीशी गेलेल्या बायकांनाही आत काहीच सापडलं नाही.' गोष्ट तिथेच पोचते. अर्थात नाणं आणि खडा धाकट्याच्या तोंडात जाणार नाही एवढं बघा.

टिवल्याबावल्या
चौघांचे पाय धुतले की लादीही आपोआप धुऊन निघते. एका कामात दोन. (हलके घ्या)

अर्धवट_अभ्यासक
सशाबद्दल दोन शब्द, कारण हा वाद दरवर्षी होतो. 'ससा आणि अंडी ही प्राचीन देवीची चिन्हं, चर्चने ढापली' असं छातीठोक सांगणारे लेख फिरत असतात. त्याला आधार जवळपास नाही. अंड्यांचं कारण बरंच साधं आहे. मध्ययुगात युरोपात ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. उपवास संपेपर्यंत अंड्यांचा ढीग साचायचा, तो सणाला रंगवून वाटला जायचा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९०च्या घरखर्चात ४५० अंडी रंगवून, सोन्याचा वर्ख लावून वाटल्याची नोंद आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत (चर्चमध्ये) अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, आणि ती एकमेकांवर आपटून फोडतात. बंद कबर फुटली असा त्याचा अर्थ लावतात.

सशाचा लेखी उल्लेख त्या मानाने बराच उशिरा येतो. १६८२ मध्ये गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ नावाच्या जर्मन वैद्याने ईस्टरच्या अंड्यांवर लिहिताना, ससा अंडी घालून गवतात लपवतो अशी मुलांना सांगायची लोककथा नोंदवली. शिवाय जास्त अंडी खाल्ल्याने काय होतं यावरही तो घसरला आहे, वैद्यच तो. पोकळ चॉकलेटचं अंडं तर अगदी कालचं: ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ मध्ये काढलं, कॅडबरीने १८७५ मध्ये.

तेव्हा नवऱ्याला सांगा, ससा पाखंडी वगैरे नाही, नुसता थापाड्या आहे.

चिमणचारा
@अर्धवट_अभ्यासक, वाचून दाखवलं. तो म्हणतो पाखंडाचा मुद्दाच नाही. भेटवस्तू आणणारा कुणी आला की मुलं त्याचीच वाट बघतात आणि गोष्ट बाजूला पडते, एवढंच त्याचं म्हणणं. मला पटलं. ससा रद्द.

@खडूफळा, शनिवारचं एकदम पटलं. मी शनिवारची यादी करूनच ठेवली होती, ती फाडली.

रसायनी
अंडी रंगवायला बाजारच्या रंगांची गरज नाही. पांढऱ्या कवचाची अंडी घ्या, तपकिरी कवचावर रंग नीट उठत नाहीत. कांद्याची सालं उकळली की नारिंगी ते विटकरी रंग मिळतो, हा सगळ्यात भरवशाचा. हळदीचा पिवळा. लाल कोबीच्या जांभळ्या पाण्यातून अंडं निळं निघतं, हे बघून मुलं वेडी होतात. बीटाचा गुलाबी दिसतो सुंदर, पण वाळल्यावर मातकट होतो, तेव्हा फार आशा ठेवू नका.

सालं किंवा कोबी अर्धा तास उकळून गाळून घ्या, गार करा, कपभर पाण्याला चमचाभर व्हिनेगर घाला, उकडलेली अंडी त्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. कोबीला रात्रभर तरी द्याच. कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं. आम्लाने त्याचा पृष्ठभाग जरासा खरखरीत होतो आणि रंग धरतो. व्हिनेगर जास्त झालं तर बुडबुडे येऊन कवचच विरघळायला लागेल, म्हणून हात आखडता. आधी मेणाच्या खडूने चित्र काढलं तर तेवढी जागा पांढरी राहते. लेकीकडून क्रूस, फुलं, स्वतःचं नाव, काहीही काढून घ्या.

खाणार असाल तर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा. तडा गेलेलं अंडं रंगवू नका, खाऊन टाका.

उंबरठा
जरा वेगळा प्रश्न आहे, धागाकर्तीची हरकत नसेल तर इथेच विचारते. आमच्या घरात नवरा ख्रिस्ती, मी नाही. मुलाला दोन्ही बाजूंचं कळावं असं आम्ही ठरवलंय आणि ते बऱ्यापैकी जमतंही. माझे वडील मागच्या पावसाळ्यात गेले. मुलगा पाच वर्षांचा आहे, आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. परवा नवऱ्याने त्याला ईस्टरची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर तो म्हणाला, 'मग आबा कधी उठणार?'

आम्ही दोघंही गप्प. नवऱ्याने 'आबा देवाकडे आहेत' असं काहीतरी म्हटलं. त्यावर त्याने विचारलं, 'येशूपण देवाचाच होता ना, तो आला ना परत.' तेव्हापासून रोज विचारतो. मी ख्रिस्ती नसल्यामुळे काय बोलायचा अधिकार आहे तेही कळत नाही.

मधलीसुट्टी
बाप रे. काय उत्तर देणार यावर. मिठी.

काळीसाय
उंबरठा, मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. तो प्रश्न विचित्र नाही, त्याच्या वयाला साजेसाच आहे. पाच-सहा वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांना मरण म्हणजे गावाला जाण्यासारखं वाटतं, गेलेला माणूस परत येऊ शकतो अशी त्यांची समजूत असते. त्यात त्याने अशीच एक गोष्ट ऐकली, तेव्हा हिशोब त्याने बरोबरच मांडला.

आधी शरीराचं सांगा, धर्माचं नंतर. 'आबा मेले. त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते घरी परत येणार नाहीत.' कठोर वाटतं, पण मूल यावर उभं राहू शकतं. 'झोपले' म्हणू नका, मग मुलं झोपायला घाबरतात. 'देवाला आवडले म्हणून नेलं' तर मुळीच नको, मग आईसुद्धा देवाला आवडू नये असं त्याला वाटायला लागतं. तो पुन्हा पुन्हा विचारेल. दर वेळी तेच उत्तर तशाच आवाजात द्या. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, 'मलाही आबांची आठवण येते' एवढं म्हणा.

श्रद्धेचं काय सांगायचं ते तुम्हा दोघांचं. पण 'परत येणार नाहीत' हे धूसर करू नका.

खडूफळा
काळीसाय यांच्याशी बव्हंशी सहमत. एक गोष्ट मात्र जोडते. ख्रिस्ती घरात आशेबद्दल बोलायचंच नाही असं केलं तर ईस्टरला अर्थ उरत नाही. म्हणून मी दोन वाक्यं वेगवेगळी ठेवते. पहिलं काळीसाय यांचं: आबा घरी परत येणार नाहीत. दुसरं: 'बाबांचा विश्वास आहे की देव एक दिवस सगळ्यांना नवं जीवन देईल. तो दिवस कधी येईल ते कुणालाच माहीत नाही.' विश्वास आहे असंच म्हणायचं, तारखेचा वायदा करायचा नाही. आणि हे बाबांनी सांगावं.

तुमच्या अधिकाराबद्दल: आबा तुमचे वडील. त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार तुमच्याइतका कुणाला असणार? मुलाला सांगा, येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशूसुद्धा रडला होता. योहानाच्या ११व्या अध्यायात आहे. पुढे लाजराला तो उठवतो, पण त्याआधी रडतो. हे सांगायला ख्रिस्ती असावं लागत नाही.

काळीसाय
लाजर नको! आधीच एक जण उठलाय, त्यात दुसरा.

खडूफळा
हं. या मुलाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तूर्त लाजर बाजूला ठेवा.

उंबरठा
दोघींचेही आभार. नवऱ्यालाही वाचायला दिलं. दोन वाक्यं वेगळी ठेवायची हे कामाला येईल.

पंचांगपुरुष
ही तारीख दरवर्षी का हलते हे कुणीच विचारलं नाही, तरी सांगतो, राहवत नाही. २१ मार्च (चर्चने धरलेला विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस) किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. सगळ्यांनी सण एकाच रविवारी करावा हे इ.स. ३२५च्या चर्चच्या निकाया परिषदेत ठरलं. गंमत अशी की ही पौर्णिमा आकाशातली नसते, चर्चच्या कोष्टकातली असते. २०१९ मध्ये आकाशात विषुवदिन २० मार्चला झाला आणि काही तासांतच पौर्णिमा. आकाश बघून ठरवलं असतं तर ईस्टर २४ मार्चला आला असता, कोष्टकाने तो २१ एप्रिलला आणला.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या बहुतेक करून जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवरून मोजतात, म्हणून त्यांचा यंदा १२ एप्रिलला. २०२५ मध्ये दोन्हीकडे २० एप्रिल होता. पुढच्या वर्षी आपला २८ मार्चला आणि त्यांचा थेट २ मेला.

टिवल्याबावल्या
प्रतिसाद काढून टाकला आहे. (पंचांगपुरुषांना तिथी विचारली होती, त्यांनी वर दिलीच आहे.)

चिमणचारा
मंडळी, ईस्टर झाला. वृत्तांत देते.

गुरुवारचं पायधुणं भन्नाट झालं. शेंडेफळ थेट टोपात बसलं.

शुक्रवारी खडूफळांची वाक्यं जवळपास तशीच वापरली. लेकीने सगळं ऐकून विचारलं, 'पोलिस नाही आले?' आता काय सांगणार? नवरा म्हणाला, 'मारणारे शिपाईच होते.' ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'त्याच्या आईने त्यांना ओरडायला पाहिजे होतं.' दिवसभरात हे तिने आम्हाला, शेंडेफळाला आणि भिंतीवरच्या पालीला सांगितलं. रडली नाही, घाबरली नाही, रागावली मात्र होती. मला वाटतं शुक्रवारी रागावणंही ठीकच.

शनिवारी कुंडी आडवी ठेवून कबर केली होती, तोंडाशी दगड. भोवती आधीच मोहरी पेरून ठेवली होती, ती छान हिरवी वर आली होती. तिला दहा वेळा दगड काढून आत बघायचं होतं. 'आज नाही' हे ऐकून वैतागली, पण तो वैताग रविवारी कामी आला. पहाटे आम्ही दगड बाजूला करून आत पांढरा रुमाल घडी घालून ठेवला. उठल्या उठल्या धावत गेली, आत बघितलं, आणि 'नाहीये!' अशी जी किंचाळली की शेंडेफळ जागं झालं. नवऱ्याने 'प्रभू उठला आहे!' म्हटलं, मी 'खरोखर उठला आहे!' म्हटलं, तिलाही शिकवलं. नाश्त्यापर्यंत तिने ते इतक्यांदा म्हटलं की शेवटी आम्हीच थकलो.

अंडी: कांद्याची अप्रतिम. कोबीची निळी बघून नवरा लेकीपेक्षा जास्त खूश. बीटाबद्दल रसायनी यांनी सांगितलं होतं तस्संच झालं.

एक उरलंच. सोमवारी ती म्हणाली, 'संपला ईस्टर?' मी हो म्हणणार होते, पण तिचा चेहरा बघून थांबले.

मधलीसुट्टी
पालीला सांगितलं हे वाचून फुटले.

खडूफळा
बरं झालं थांबलात. संपलेला नाही! ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा असतो, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत. यंदा पेंटेकॉस्ट २४ मेला आहे. मध्ये चाळिसाव्या दिवशी, १४ मेला, स्वर्गारोहण. उपवासकाळ रविवार सोडून चाळीस दिवसांचा आणि आनंदाचा काळ पन्नास दिवसांचा, म्हणजे आनंद मोठाच ठेवलाय. आपण मात्र उपवास मोजून करतो आणि आनंद सोमवारी आवरून ठेवतो.

उठल्यानंतरच्या गोष्टी मुलांसाठी फार छान आहेत आणि त्या कुणी सांगतच नाही. दर रविवारी एक घ्या. येशूची शिष्या मरीया मग्दालीया त्याला माळी समजते. अम्माऊसच्या वाटेवर दोघे जण त्याच्याबरोबर चालत जातात आणि त्याने भाकर मोडेपर्यंत त्याला ओळखतच नाहीत, ही संध्याकाळी फिरायला जाताना सांगा. थोमा नावाचा शिष्य म्हणतो, बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, ही तुमच्या लेकीला नक्की आवडेल. आणि तळ्याकाठचा नाश्ता: शिष्यांना रात्रभर मासे मिळत नाहीत, सकाळी काठावरून कुणीतरी सांगतं, उजवीकडे जाळं टाका, आणि १५३ मासे मिळतात. काठावर येशूने विस्तव पेटवून न्याहारी तयार ठेवलेली असते. त्या दिवशी सकाळी बाहेर अंगणात किंवा गच्चीवर नाश्ता करा.

उंबरठा
माळ्याची गोष्ट आमच्याकडेही चालेल. आबांना बागेचं वेड होतं. प्रश्न अजून येतोच, पण आता रोज येत नाही. परवा 'आबा परत येणार नाहीत, पण त्यांची कात्री आहे' असं त्याने स्वतःच सांगितलं.

चिमणचारा
@उंबरठा, वाह. त्याला ती कात्री द्या. म्हणजे, मोठा झाल्यावर.

@खडूफळा, वाचनखूण साठवली. तळ्याकाठचा नाश्ता पक्का. फक्त आमच्या घरात लेक सोडून कुणी मासे खात नाही.

पंचांगपुरुष
योहान २१:९ बघा. विस्तवावर मासळीबरोबर भाकरही आहे. भाकर भाजा.